होलिस्टिक न्यूट्रिशन शिकायचंय? आधी वॉर्डात उभं राहावं लागेल

बारावीचा निकाल लागला की आमच्या नौपाड्यातल्या घराची बेल आठवड्यातून दोन-तीनदा तरी वाजते. दारात एक मुलगी, तिच्यामागे आई आणि आईच्या हातात मोबाइल. मोबाइलवर कुठल्यातरी कोर्सची जाहिरात उघडलेली असते. आठ आठवडे, घरबसल्या, शेवटी ‘होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट’ असं प्रमाणपत्र. “ताई, हे केलं तर चालेल का? कॉलेजात चार-पाच वर्षं घालवण्यापेक्षा…” वाक्य तिथेच थांबतं. मी गेली बावीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांमध्ये डाएटिशियन म्हणून काम करते आहे. मी चहा टाकते आणि त्यांना काही गोष्टी सांगते. त्याच इथे सविस्तर लिहिते, कारण एका चहात त्या सांगून होत नाहीत.

आधी शब्दाचं बघू. होलिस्टिक म्हणजे समग्र. माणसाच्या ताटाकडे बघताना त्याची झोप, कामाच्या वेळा, मनावरचा ताण, चालणं-फिरणं, घरात स्वयंपाक कोण करतं, महिन्याला किराण्यावर किती खर्च होतो, हे सगळं एकत्र बघायचं. कल्पना अगदी योग्य आहे. एक उदाहरण देते. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणारा, कळव्याला राहणारा एक पस्तिशीतला मुलगा माझ्याकडे आला. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, म्हणजे एचबीए-वन-सी, ८ च्या वर. हातात आधीच कुणीतरी दिलेला छापील चार्ट होता. सकाळी आठला नाश्ता, एकला जेवण, संध्याकाळी पाचला फळ, रात्री आठला हलकं जेवण. सगळं पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण हा मुलगा सकाळी आठला घरी येऊन झोपतो! एक वाजता तो गाढ झोपेत असतो आणि रात्री आठला ऑफिसची गाडी खाली उभी असते. चार्ट त्याच्या बॅगेत घडी घातलेलाच राहिला होता.

झोप आणि भूक यांचा संबंध नुसता बोलण्यातला नाही. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं, आणि भूक लागल्याचं सांगणारं घ्रेलिन १९९९ मध्ये. झोप कमी झाली की पहिलं घटतं, दुसरं वाढतं. म्हणून पहाटे तीनला कँटीनमधला समोसा समोर आला की त्या मुलाचा हात जातो. त्यात त्याच्या निश्चयाचा दोष फार थोडा. आम्ही त्याच्या जेवणाचं घड्याळच उलटं मांडलं. मुख्य जेवण निघण्याआधी, मध्यरात्री डब्यातली भाकरी-उसळ, पहाटे फक्त ताक किंवा मूठभर चणे, घरी आल्यावर थोडं खाऊन खोलीत अंधार करून झोप. त्यासाठी मला त्याच्या आईशी फोनवर अर्धा तास बोलावं लागलं, कारण डबा त्या भरतात. समग्र पोषण म्हणतात ते हे.

मग आठ आठवड्यांच्या प्रमाणपत्राला माझा विरोध का?

साठीचे एक गृहस्थ होते. मधुमेह जुना, किडनी अर्धीअधिक थकलेली. ‘शरीर शुद्ध करण्यासाठी’ त्यांना कुणीतरी रोज सकाळी शहाळं आणि पालक-दुधीचा कच्चा रस सांगितला होता. पंधरा दिवसांत ते आमच्याकडे दाखल झाले तेव्हा रक्तातलं पोटॅशियम ६.८ होतं. साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. शहाळ्याच्या एका मोठ्या ग्लासात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे सहज बाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. त्या रात्री त्यांच्या ईसीजीकडे बघत सगळे उभे होते. ते वाचले. सल्ला देणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मला आजही खात्रीने वाटतं. त्यांना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रिपोर्ट वाचता येत नव्हता, एवढंच.

आणि गंमत म्हणून नाही, नीट लक्षात राहावं म्हणून सांगते. निरोगी माणसाला आम्ही सांगतो की भाजी उकडलेलं पाणी फेकू नका, त्यात सत्त्व उतरतं. किडनीच्या रुग्णाला नेमकं उलटं सांगतो. बटाटा, पालक बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या, कारण पोटॅशियम त्यात उतरतं. भाजी तीच, गॅसही तोच. फरक फक्त रिपोर्टात आहे. हा फरक ओळखायला शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र लागतं, आणि ते आठ आठवड्यांत येत नाही.

कायदा काय म्हणतो

२०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्सव्यतिरिक्त व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन वगैरेंबरोबर त्यात पोषणशास्त्राचाही गट आहे, आणि त्या गटात दोनच मुख्य नावं आहेत: डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट. क्लिनिकल डाएटिशियन, सार्वजनिक आरोग्यातले आणि खेळाडूंचे न्यूट्रिशनिस्ट हे त्यांच्याच पोटात येतात. ‘होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट’ किंवा ‘हेल्थ कोच’ अशी वेगळी ओळख त्या यादीत नाही. म्हणजे ते शब्द कुणीही आपल्या नावापुढे लावू शकतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर विसंबून करिअर उभं करणं धोक्याचं.

दुसरी गोष्ट अनेक पालकांना अजून कळलेली नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. त्यात अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डायटेटिक्स आहेत. पूर्वी आमच्या भागातल्या कितीतरी गृहिणींनी मुलं शाळेत गेल्यावर अभ्यास करून टपालाने पदवी मिळवली, आणि त्यातल्या काही माझ्या उत्तम सहकारी आहेत. तो रस्ता बंद झाल्याचं मला त्यांच्यासारख्या बायकांसाठी वाईट वाटतं. पण रुग्णाच्या नाकातली नळी कधी पाहिलीच नाही अशा पदवीधर तयार होत होत्या, हेही खरं. तेव्हा आता कुणी ‘घरबसल्या पदवी’ म्हणालं तर प्रवेश घेण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची मान्यता स्वतः तपासा.

रस्ता असा आहे. बारावी शक्यतो विज्ञान शाखेतून. मग अन्न-पोषण किंवा गृहविज्ञानातली पदवी, त्यानंतर डायटेटिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं एम.एस्सी., आणि सोबत हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा. ही संस्था १९६३ पासूनची आहे, आणि हॉस्पिटलच्या मुलाखतीत ‘आरडी आहे का?’ असं हमखास विचारतात. ठाण्याच्या मुली वर्षानुवर्षं सकाळची लोकल पकडून याच शिक्षणासाठी मुंबईला जात आल्या आहेत. मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, माटुंग्याचं गृहविज्ञान महाविद्यालय, एसएनडीटीचं जुहूचं कॉलेज. आता जवळपासही पर्याय आहेत. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. विचारा, इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, किती महिने, आणि आयसीयूत जायला मिळतं का. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर पुढचं कॉलेज बघा.

जीवरसायनशास्त्राला घाबरणाऱ्या मुलींना मी कमला सोहोनींची गोष्ट सांगते. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत, मुलगी आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, आत शिरल्या, दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं आणि पुढे केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नंतर मुंबईत शिकवत असताना त्यांनी नीरेवर संशोधन केलं. ताडाचा हा ताजा रस कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना कसा उपयोगी पडतो, ते प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. डहाणू-पालघरच्या वाटेवर आजही ताडाखाली नीरा मिळते. ताडाचं झाड, उपाशी मूल आणि प्रयोगशाळेतली नळी एका ओळीत आणणारं हे काम मला समग्र पोषणाचा सगळ्यात सुंदर नमुना वाटतं. तेव्हा हा शब्दही कुणी वापरत नव्हतं.

चोवीस तासांची गोष्ट

आमच्या कामाचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे. “काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंत, आठवून सांगा.” याला आम्ही ट्वेंटी-फोर अवर रिकॉल म्हणतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका काकू. थकवा, हिमोग्लोबिन ९, वजन मात्र वाढतंय. “मी काही खातच नाही हो,” इथूनच सुरुवात. मग हळूहळू निघतं. सकाळी चहा, दोन खारी. नाश्त्याला पोहे आणि पुन्हा चहा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात. चारला चहा. संध्याकाळी नातवाच्या ताटलीतलं उरलेलं. रात्री मालिका बघताना फरसाण, “ते काय, मूठभरच.” साखर किती? कपाला दोन चमचे. एक चमचा साधारण पाच ग्रॅम, म्हणजे तीन चहांत तीस ग्रॅम साखर, १२० कॅलरी. तेलाचा प्रश्न मी वेगळ्या वाटेने विचारते, कारण फोडणीला किती तेल टाकता याचं उत्तर सगळ्या बायका ‘एक चमचा’ असंच देतात. मी विचारते, महिन्याला तेलाचा कॅन किती लिटरचा येतो आणि घरात माणसं किती? पाच लिटर, चार माणसं. पाच लिटर तेलाचं वजन साधारण साडेचार किलो. चार जणांत आणि तीस दिवसांत वाटलं की माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यातलं २,००० कॅलरींचं ताट रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरतं. वरच्या अकरा ग्रॅमांच्या रोज शंभर कॅलरी झाल्या, आणि बाहेरून आलेलं फरसाण अजून मोजलेलंच नाही.

आता हिमोग्लोबिन. काकूंचे पोहे वाईट नाहीत, पण पोह्यांसोबतचा चहा वाईट. चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. त्याच पोह्यांवर अर्धं लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. चहा तासाभराने प्यायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे हा लिंबाचा आणि चहाचा सल्ला मी रोज किमान चार वेळा देते आणि कंटाळत नाही. काकूंना एकही महागडी गोष्ट आणायला सांगितली नाही. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी मात्र चुकवायची नाही, हे दोनदा सांगितलं. कारण ९ चं हिमोग्लोबिन नुसत्या लिंबाने वर येत नाही, आणि ते येतं असं सांगणं ही फसवणूक होईल.

वजनकाट्यावरही फार विसंबू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि ब्रिटनमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते, हे इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कुणी समजावलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून आम्ही कमरेचा घेर मोजतो.

परंपरेचं ज्ञान या सगळ्यात कुठे बसतं, असं मला विचारतात. आदराने बसतं, पण तपासून. पहिल्या पावसात मुरबाड-शहापूरच्या बाया ठाणे स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्याल तर सोबत काकडं ही हिरवी आंबट रानफळं देतात आणि बजावतात, “याच्याशिवाय शिजवू नको, घसा खाजेल.” शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांची. हे शास्त्र त्या बाईला ठाऊक नसेल, पण तिचा सल्ला अचूक आहे. मात्र मुतखड्याच्या रुग्णाला मी तीच भाजी टाळायला सांगेन. आयुर्वेदाच्या पथ्यापथ्यातच खोल शिरायचं असेल तर बीएएमएस आहे, निसर्गोपचाराची ओढ असेल तर साडेपाच वर्षांचा बीएनवायएस आहे. ते वेगळे आणि पूर्ण अभ्यास आहेत. त्यातलं थोडं, यातलं थोडं असं करून कुणाच्या शरीराची जबाबदारी घेऊ नये.

काम कुठे मिळतं

पहिली नोकरी हॉस्पिटलातच करा, निदान दोन वर्षं. पगार सुरुवातीला कमी असतो, हे मी लपवत नाही. घरच्यांची नाराजी होते. पण तिथे जे हाताला लागतं ते पुढे कुठेही मिळत नाही. रुग्ण दाखल झाला की त्याचं वजन उतरलंय का, भूक आहे का, गिळता येतं का, हे बघायचं. आरटी फीड, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून द्यायचं अन्न, बसवायचं. नळीतून दर तीन तासांनी २०० मिलिलिटर, मिलिलिटरला एक कॅलरी, दिवसात आठ वेळा, म्हणजे १,६०० कॅलरी. त्यात प्रथिनं किती, मीठ किती, पाणी किती, आणि सिस्टरने रात्री दोनचं फीड खरंच दिलं का, तेही बघायचं. मग किचनमध्ये जाऊन मावशींशी बोलायचं, कारण कागदावर ‘सॉफ्ट डाएट’ लिहिलं आणि ताटात कडक पोळी गेली तर कागदाचा उपयोग शून्य.

पुढे वाटा फुटतात. डायलिसिस केंद्रं आता ठाण्यापासून पनवेलपर्यंत जागोजागी आहेत आणि तिथे चांगल्या रीनल, म्हणजे किडनीच्या रुग्णांसाठीच्या डाएटिशियनची फार गरज आहे. कॅन्सरच्या रुग्णांत केमोथेरपीच्या काळात वजन टिकवणं हीच मोठी लढाई असते. खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र असल्यामुळे या विषयाचं महत्त्व नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. ऐरोली-महापेच्या कंपन्या कँटीनसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी तज्ज्ञ घेतात. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत पाकिटावरचं पोषणाचं लेबल तयार करणाऱ्यांची गरज असते. खेळाडूंबरोबर काम करायला आवडत असेल तर क्रीडापोषणाचा अभ्यास पुढे करता येतो.

आणि एक वाट आहे जिकडे फार कमी मुली वळतात. ठाणे जिल्हा घोडबंदर रोडला संपत नाही. शहापूर, मुरबाड आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि २०१४ मध्ये वेगळ्या झालेल्या पालघरचे जव्हार-मोखाडा शेजारीच. अंगणवाड्या, कुपोषित बालकांची उपचार केंद्रं, गरोदर आदिवासी बायांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना, या सगळ्यांना पोषण समजणारी माणसं हवी आहेत. मी इंटर्न असताना महिनाभर तिकडे होते. एका अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तेव्हा एका दीड वर्षाच्या पोराच्या दंडाला ती लाल रंगावर, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या खुणेवर थांबली. पोर माझं बोट धरून हसत होतं. ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे.

स्वतःची प्रॅक्टिस उघडायची घाई सगळ्यांना असते. सोसायटीतली एक खोली, एक वजनकाटा, की झालं, असं वाटतं. उघडा, पण काही गोष्टी पाळा. औषध बंद करायला कधीही सांगू नका, साखर उतरली तरी डॉक्टरांना चिठ्ठी लिहा. प्रत्येक रुग्णाची वही ठेवा. जी पूड विकली की तुम्हाला कमिशन मिळतं, ती रुग्णाला सुचवू नका, कारण त्या दिवसापासून तुमचा सल्ला आणि तुमचा खिसा वेगळे राहत नाहीत. ‘मधुमेह बरा करतो’, ‘लठ्ठपणावर हमखास इलाज’ अशी औषधाची किंवा उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या जादूई उपायविरोधी कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत हे दोन्ही आजार नावानिशी आहेत. डबे करून विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, किचन घरचं असलं तरी.

हे सगळं ऐकून मुलगी गप्प होते, आई मोबाइल पर्समध्ये ठेवते. मग मी मुलीला एक काम देते. आठवडाभर तुझ्या आजीचं किंवा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं खाणं लिहून काढ. किती वाजता, काय, किती, कुणी वाढलं, ताटात काय उरलं, त्या दिवशी झोप लागली का, गोळ्या कधी घेतल्या. सल्ला एकही द्यायचा नाही, फक्त लिहायचं. निम्म्या मुली परत येत नाहीत. ज्या येतात त्यांच्या वहीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं काहीतरी सापडतं: ‘आजी रात्री पोळी खात नाही कारण तिची कवळी दुखते, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.’ असं पान दिसलं की मी कपाटातून कॉलेजांची माहितीपत्रकं काढते आणि आम्ही दोघी जेवायच्या टेबलावर ती पसरून बसतो.